तुपाचा डबा

अकोला
२३ जानेवारी २०२५

ती. कुलदीपदादास,

आकांक्षाचा नमस्कार. आईच्या गुडघ्यांचं तेल अकोटच्या एसटीत कंडक्टरजवळ दिलंय, स्टँडवरून घेऊन जा. तिला थंडीत वावरात जाऊ देऊ नकोस. माझी कोर्टातली वकिली नेहमीसारखीच. फोन केला असता, पण मजुरांचं नाव काढलं की "जाऊ दे ना बाई, तू कावून त्याईच्या भानगडीत पडून राहिली," म्हणून तू ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही.

रविवारी आपल्या वावरात रोडगे होते ते युनियनच्या बैठकीसाठी, हे आता लपवण्यात अर्थ नाही. तू हजेरी ठेवतोस त्या जिनिंगमधल्या, खरगोनहून आलेल्या मजुरांना एकत्र बसायला जागाच नाही. खोल्या मालकाच्या, फाटकावर ठेकेदाराचा माणूस. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे निवांत भाजतात, तेवढ्यात बोलणं होईल असं मला वाटलं.

त्यांच्यातला सुकलाल बोलायला उभा राहिला आणि बांधावर ठेकेदाराची जीप आली. तो आत आला नाही. एकेक तोंड पाहून म्हणाला, "तुमी बाहेरचे, तुमाले कायची युनियन?" दुसऱ्या सकाळी सुकलाल आणि त्याची बायको रेशमी यांची बोचकी खोलीबाहेर होती. माणूस पोटासाठी बाहेरून आला, म्हणून संघटना करायचा त्याचा हक्क गावीच राहतो का रे? दोघं सध्या माझ्याकडे आहेत.

तेव्हापासून मी प्रत्येकावर संशय घेतला. कणीक मळणाऱ्या पार्बताबाईला फोन करून नको ते विचारलं. एक मजूर लवकर उठून गेला होता, त्याच्यावर घेतला. त्याचं पोर तापानं फणफणलं होतं, हे मागून कळलं.

मग तुझा तुपाचा डबा आठवला.

तुला मी सांगितलं होतं, घरचीच चार माणसं आहेत. तू पंगतीला पुरेल एवढं तूप पाठवलंस. पार्बताबाई तेव्हाच हसली होती, "लग्नाचं तूप धाडलं का वो भाऊनं?" मला वाटलं, दादा हौशी आहे. पण त्या सगळ्यांनी रविवारची सुट्टी तुझ्याकडेच मागितली होती, आणि वावराचं तर तुला मीच सांगितलं होतं. म्हणजे किती जण जमणार, हे तुला आधीच ठाऊक होतं. आपल्या वावरात कुणाचा रोडगा कोरडा राहू नये, ही काळजी तुझी. ठेकेदाराला खबर दिलीस तीही तूच. नुसती खबर दिली असतीस तर मला इतकं लागलं नसतं.

तसं नसेल तर तोंडावर सांग. मी तुझे पाय धरीन.

येत्या रविवारी सव्वीस जानेवारी, जिनिंग बंद. रोडगे पुन्हा आपल्याच वावरात. युनियनच्या अर्जावर सह्या तिथेच होतील, पहिली सुकलालची. या वेळी मीच कळवते आहे, तुला चोरून काही करावं लागणार नाही. ठेकेदाराला आणायचं तर आण. एकटा आलास तर सुकलालशेजारी पान मांडून ठेवते.

तूप मात्र पाठवू नकोस. मजूर म्हणाले, आम्ही कोरडेच खाऊ.

रविवारपर्यंत तरी तुझीच बहीण,
आकांक्षा