मेंदीचा आडोसा

२ जुलै १९७७
प्रेमिला मौद्याहून ट्रंक घेऊन परत आली. जावयाने दुसरी आणली! पोरगी आता कायमची माझ्याकडेच. शेजारच्या शोभाताई तारेच्या कुंपणापलीकडून टक लावून पाहत होत्या. त्या तारेतून आमचं अख्खं अंगण दिसतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१० जुलै
महाराजबागेतल्या मारोतराव माळ्याकडून मेंदीच्या काड्या आणल्या. तारेला लागून दोन ओळी लावल्या. "बाराही महिने हिरवी राहते साहेब. पण सुरुवातीले छाटत जा, नाही तं बुडाशी उघडी पडन." बुडाशी उघडी पडून कसं चालेल!

३ फेब्रुवारी १९७८
कमरेएवढी झाली. तीनदा छाटली. खालून चांगली दाट आहे.

९ ऑक्टोबर
डोक्याच्या वर गेली. शेंडे कापणं बंद केलं. प्रेमिला म्हणाली, "बाबा, एवढी उंच काहून करून राहिले? जेलात असल्यासारखं वाटते." मी म्हटलं, तुझ्यासाठीच करतो, लोकांच्या नजरा नकोत. खोटं बोललो. लाज मला वाटते, तिला नाही.

१४ जानेवारी १९७९
संक्रांत. नळाजवळ मेंदी जरा विरळ आहे. तिथून शोभाताई हात घालून प्रेमिलाला तिळगूळ देत होत्या. "घे वं, गोड बोल." आणि प्रेमिला खळखळून हसली. दीड वर्षात पहिल्यांदा! मला आनंद व्हायला हवा होता. पण डोकंच फिरलं. शोभाताईंना तोंडावर सांगितलं— आमच्या घरात डोकावत जाऊ नका.
प्रेमिला रात्री जेवली नाही.

१५ जानेवारी
विरळ जागी फांद्या वाकवून सुतळीने बांधल्या. शेणखत घातलं.

२७ एप्रिल
सगळ्यांच्या बागा करपल्या. माझी मेंदी हिरवीगार! न्हाणीचं पाणी रोज बादल्यांनी घालतो. रस्त्याने जाणारे थांबून पाहतात. आत मात्र कोणालाच काही दिसत नाही. प्रेमिला हल्ली फार बोलत नाही.

२४ मे
प्रेमिला गेली. परवा भर दुपारी वाळवण उचलायला अंगणात गेली, ऊन लागून तिथेच पडली. मी साडेपाचला ऑफिसातून आलो तेव्हा श्वास थांबलेला होता. लिहवत नाही.

२६ मे
शोभाताई येऊन बसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी पापड घालून राहिली होती भाऊ. कण्हणं ऐकू आलं मले. पण तुम्हाले आवडत नाही, म्हणून आली नाही."