ढालीची डावी बाजू

श्रॉपशायर, १७ मार्च १७९१

प्रिय केझाया,

मी खुशाल आहे. जेवण पोटभर मिळतं, खोलीत शेकोटी आहे. या खेपेला शिडीवर चढायचं काम नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

इथले मालक वारले. हवेलीच्या दारावर लावायला त्यांच्या कुळचिन्हाची फळी रंगवतोय. नियम तुला माझ्याकडून ऐकून पाठच झालाय: फळीवरच्या ढालीची उजवी बाजू नवऱ्याची, डावी बायकोची. गेलेल्याच्या बाजूला मागचा रंग काळा, मागे राहिलेल्याच्या बाजूला पांढरा.

सोमवारी मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या. "माझी बाजूही काळी करा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाईसाहेब, दोन्हीकडे सेबल दिला तर लोकांना वाटेल, दोघंही गेलात."

"सेबल कसलं? काळं म्हणा सरळ! आणि वाटू दे लोकांना."

"जित्या माणसाला मी काळं देत नाही. दुसरा रंगारी बघा."

त्या तणतणत निघून गेल्या. दोन दिवस फिरकल्या नाहीत. हे काम हातचं गेलं असंच मी धरून चाललो, तरी डाव्या बाजूला पांढऱ्याचा एक हात देऊन ठेवला.

आज सकाळी त्या आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पांढरा फार पातळ झालाय. अजून एक हात द्या."

दिला.

शेळी व्याली का? तुझा ताप उतरल्याचं तुझ्या भावाने कळवलं. पण पुढचं पत्र तू स्वतःच्या हाताने लिही. दोन ओळी पुरेत.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारा,
अँब्रोज