शंभर टक्के

३ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

ढब्बू नऊ महिन्यांचा झाला. तुमच्या दवाखान्यातली नर्स गोवराच्या लशीसाठी रोज दार वाजवते. मागच्या सुईनंतर तो दोन दिवस तापाने फणफणला, तेव्हापासून ह्यांना सुईचं नाव काढलेलं खपत नाही. ती आली की हे माझ्यावरच उखडतात. रजिस्टर तुझ्याच टेबलावर असतं ना? ढब्बूच्या नावापुढे खूण करून टाक, म्हणजे तिचं येणं थांबेल. पुढच्या महिन्यात ह्यांना गोडीगुलाबीने पटवते आणि स्वतः त्याला घेऊन येते. तुझी शपथ.

माया आहेच, ती पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

लहानपणी तुझा गृहपाठ मी करायचे आणि शाबासकी तू घ्यायचीस. सवय काही गेली नाही तुझी! केली खूण. तुमच्या वस्तीचं लसीकरण त्यामुळे शंभर टक्के झालं, साहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिना फार होतो गं. येत्या गुरुवारीच ये. जावईबापूंचं मी बघते.

ढब्बूला पापा. आठवण ठेव.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

घाईत लिहितेय. गुरुवार आज-उद्या करता करता राहूनच गेला. भिंतीपलीकडच्या मुलीला गोवर निघालाय. काल लशीचं पथक गाडी घेऊन आलं, पण पुढच्या वस्तीत निघून गेलं. तुमच्याकडे सगळ्या बाळांचं झालंय, असं नर्स म्हणाली. मी दारातच उभी होते. तुझी नोकरी आठवली आणि तोंडच उघडलं नाही. सकाळपासून ढब्बूचं अंग तापलंय, डोळे लाल आहेत, दूध ओढत नाही. मला फार भीती वाटतेय.

धाकटी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

हे पत्र आणणाऱ्या गाडीतच ढब्बूला घेऊन बस. जावईबापूंची वाट पाहू नकोस.

साहेबांना मी सगळं सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. त्यांनी रजिस्टर मागवलं, तेव्हा खोलीतल्या आम्ही पाचही जणी खाली बघायला लागलो. कुणी वहिनीसाठी खूण केली होती, कुणी मैत्रिणीसाठी, कुणी नुसतीच आकड्यासाठी. तुझ्या शेजारच्या मुलीच्या नावापुढेही आहे. एकट्या तुमच्या वस्तीत अशी एकोणीस बाळं निघाली.

ढब्बूसाठी खाट अडवून ठेवलीय. आमच्याकडे खाटा चारच आहेत.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही.

तुझी ताई