गाडीच्या लाकडावरची परात

प्रिय,

पुढे नाव लिहायची आपल्यात रीत नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. पाकिटावर मात्र लिहावंच लागेल, पोस्टमन काही माझ्या मनातलं ओळखणार नाही. म्हणजे लग्नानंतर तुमचं नाव मी पहिल्यांदाच घेईन, आणि तेही उखाण्याशिवाय.

तुमचं पत्र मिळालं. ते आधी गावी गेलं, तिथून कानिफनाथकाका घेऊन आले. दादांनी लगेच विचारलं, "काय म्हनत्यात जावई?" मी सांगितलं, कधी येतेस म्हणून विचारलंय. तेवढंच सांगितलं. संक्रांतीच्या आत पुण्याला आली नाहीस तर पुढचा विचार करावा लागेल, हे सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नाही, तिच्याकडे शेवटी येईन. येणार की नाही, याचं उत्तरही शेवटीच देणार आहे. आधी सगळं वाचा. घाई करू नका. घाईनं काय होतं ते आपण दिवाळीत पाहिलं आहे.

मी गावी नाही. कालव्याच्या भागात एका साखर कारखान्याच्या तळावर आहे, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या खोपटात. काकांची गाडी ऊस घेऊन वजनाला गेली आहे, तिथे गाड्यांची रांग असते, ती परत येईपर्यंत मी मोकळी. गुडघ्यावर पाटी ठेवून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर हाताला बोल लावा, शाळेला लावू नका. उसाच्या पात्यानं बोटं चिरली आहेत आणि पेन नीट धरवत नाही. तुम्हाला माझ्या हातांचं कौतुक होतं. कांदा चिरतानासुद्धा जपत जा म्हणायचात.

तुम्ही मूळचे आमच्याच तालुक्यातले, पण तुमच्या घरी मास्तरकी, त्यामुळे ऊसतोडीला कधी गेला नाहीत. म्हणून सांगते. इथे माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, दोघांनी गाडीत भरायची. बाई नसेल तर मुकादम गडी घेत नाही. दादांच्या कोयत्यात यंदा आईच्या जागी मी आहे. पहिल्याच दिवशी मुकादमानं माझ्या हातातला हिरवा चुडा पाहिला आणि दादांना विचारलं, "लेक नांदत न्हाई का?" दादा खाली वाकले आणि तोडायला लागले. माझ्या म्हाताऱ्याला मान खाली घालताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता दिवाळसणाचं बोलू. त्यासाठी मी आधीच माहेरी आले होते. तुम्ही दादांना लिहिलंत की पहिल्या दिवाळीला येईन, पण गोणपाटाच्या आडोशाला, दगडावर बसून अंघोळ करणार नाही. पुण्याला मोठ्या बंगल्यांत न्हाणीघरं बसवायचं तुमचं काम, तेव्हा तुमचं म्हणणं आम्हाला रास्तच वाटलं. कुणा साहेबानं नाकारलेला शॉवरचा ट्रे तुम्ही ट्रकवाल्याच्या हाती पाठवलात. पांढराशुभ्र, बिडाचा, वर चिनी मुलामा. ट्रकमधून उतरवताना चार गडी घामाघूम झाले. आईनं त्याच्याकडे बघून गालाला हात लावला, म्हणाली, "अगं बया, केवडी ही परात! हिच्यात सगळ्या गावाची भाकर मळंल की." तेव्हापासून घरात त्याचं नाव परातच पडलं. तुम्हाला ते नाव आवडलं नाही. दोनदा तुम्ही आईला सुधारलंत.

ट्रेच्या पोटाखाली वाकडा पाइप बसतो आणि पाण्याला उतार लागतो, म्हणून एकतर खाली खणावं लागतं नाहीतर ट्रे उंचावर बसवावा लागतो. आमच्या पडवीखाली खडक. पहार लावली की ठिणग्या उडत. मग तुम्ही कळवलंत की लाकडाचा भक्कम चौथरा करा, साग मी पुण्याच्या वखारीतून पाठवतो. आम्ही वाट पाहिली. वसुबारस आली, साग आला नाही, तुम्हीच आलात. येताना लेव्हल बघायची पाणसळ आणली होती, नवी पँट आणली होती, लाकूड तेवढं राहिलं होतं. तुम्ही अंगणात फिरलात आणि आमच्या बैलगाडीपाशी थांबलात. "हे लाकूड मुरलेलं आहे मामा, पाण्याला दाद देणार नाही. हेच कापू. मी गेल्या गेल्या नवीन पाठवतो, गाडी सीझनच्या आत उभी राहील." तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. मी दारात तांदूळ निवडत होते.

भीमा सुतारानं गाडी कापायला नकार दिला. दादांना म्हणाला, "सादेवबा, हंगाम तोंडावर आलाय. गाडी हाय म्हनून तुमी गाडीवान हाय. म्या करवत देतो, हात न्हाई देनार." करवत ओट्यावर ठेवून तो पाठ फिरवून निघून गेला. दादांनी स्वतः कापली. ज्या दोन लांब दांड्यांवर गाडीचा सगळा साटा, म्हणजे वरचा सांगाडा, उभा असतो त्यांचे तुकडे केले, चार पाय आणि आडवे ओंडके. तुम्ही माप सांगत होता. ती गाडी माझ्या आज्यानं केलेली. दादांच्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यातून आलं, आणि माझ्या लग्नात तुमचं सामानसुद्धा. कापताना दादा हसत होते, हे खरं आहे. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला म्हणाले, "जावई पयल्यांदा येतोय, त्येला उगड्यावर न्हाऊ घालू व्हय?" माणसानं हौसेपायी गाढवपणा करावा तर इतका करावा. तुमच्याइतकाच मला त्यांचाही राग आहे.

धनत्रयोदशीला सकाळी चौथरा उभा राहिला. काम देखणं झालं होतं, ते नाकारणार नाही. वाळू-सिमेंटचा थर तुम्ही स्वतः थापीनं पसरलात, पाणसळ आडवी-उभी धरलीत, एक पाय किंचित उणा होता तिथे पाचर ठोकायला सांगितलीत. आई पाचर धरून खाली बसली. चार कोपऱ्यांना चौघं, तुम्ही, दादा, काका आणि मी. उचललं. ट्रे चौथऱ्याच्या वर आला, आणि तुमच्या बाजूचा कोपरा सुटला.

दादा आजवर सगळ्यांना सांगतात की माझाच हात घसरला. आईलाही तसंच वाटतं. काका माझ्याच बाजूला, माझ्या मागच्या कोपऱ्याला होते, त्यांना दिसलं नाही. मी मात्र तुमच्या समोरच्या कोपऱ्याला होते. तुमचं मनगट ट्रे आणि भिंतीच्या मध्ये येत होतं, मनगटावर दादांनी लग्नात दिलेलं घड्याळ होतं, आणि घड्याळाची काच फुटेल म्हणून तुम्ही हात काढून घेतलात. हात चेंगरत असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. हाताला धोका नव्हता. तुम्ही आधी घड्याळाकडे बघितलंत, मग सोडलंत. ट्रेची कड आईच्या पावलावर आली. आईनं पाऊल दोन्ही हातांनी दाबून धरलं. आणि तुम्ही खाली वाकून ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत विचारलंत, "तडा नाही ना गेला?"

नरकचतुर्दशीला पहाटे तुमची अंघोळ झाली. शेजारच्या कडूबाई आजींनी तुम्हाला उटणं लावलं, मी ओवाळलं, आई आत हळदीचा लेप बांधून पडली होती. यंदाच्या दुष्काळात आमच्या गावाला टँकरचं पाणी. ते डोक्यावरून आणून पडवीवरच्या पिंपात मी भरलं होतं. तुम्ही कळ फिरवलीत, झारीसारखं पाणी पडलं, पोरं बाहेर टाळ्या वाजवत होती. तुमच्या त्या एका अंघोळीत आमच्या बैलांचं दोन दिवसांचं पाणी खडकावरून वाहून गेलं. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, आता कसं माणसासारखं वाटतंय. आम्ही जन्मभर दगडावर बसून न्हालो, आम्हाला कसं वाटत होतं ते तुम्ही विचारलं नाहीत. पाडव्याला सुट्टी संपली म्हणून तुम्ही निघालात. आईची शुश्रूषा करायला मी मागे राहिले, आणि मनातून म्हटलं, बरं झालं.

पाय चिघळला. एसटीनं तिला नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथे दोन बोटं काढावी लागली. त्यातलं एक जोडव्याचं. आई रडली ती दुखतंय म्हणून नाही. नवरा जिवंत असताना त्या पायात जोडवं घालायचं कुठं, हे ती डॉक्टरांना विचारत होती. त्यांना मराठी येत होतं, पण प्रश्न समजला नाही. ते एक जोडवं मी माझ्या कनवटीला बांधून ठेवलं आहे. आई घरी आहे, कडूबाई आजी तिच्याकडे बघतात. ती काठी टेकत पडवीपर्यंत जाते. परातीचं भोक चिंधीनं बुजवलंय आणि तिच्यात टँकरचं पाणी साठवतात. एवढा उपयोग झाला.

दिवाळी झाली, हंगामाचे दिवस आले. तुमचा साग आला नाही. मी म्हटलं, पत्र टाकते. दादा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "जावयाला दुसऱ्यांदा इचारायचं नसतं. त्येंनी शबुद दिलाय." मी म्हटलं, मग त्यांच्या वडिलांना विचारा. तर म्हणाले, "त्ये तर आजाबात न्हाई." रोज संध्याकाळी एसटी यायच्या वेळी फाट्यावर जाऊन उभे राहायचे, टपावर लाकूड दिसतंय का बघायला. तळावर जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून एकामागून एक गेल्या. आमची दोन चाकं भिंतीला टेकून आणि जू वळचणीला. चौथरा मोडून काय उपयोग, कापलेल्या तुकड्यांची पुन्हा दांडी होत नाही. शेवटी बैल काकांच्या हवाली केले आणि आम्ही त्यांच्याच गाडीवर बसून आलो. जन्मभर स्वतःच्या गाडीतून ऊस वाहणारा माणूस आता दुसऱ्याची गाडी भरतो. आपलेच बैल समोर दुसऱ्याच्या जुवाखाली, आणि ते दादांचा आवाज ऐकून थांबतात, मग काका शिव्या घालतात. बैलांना बिचाऱ्यांना कुठली रीतभात.

एक सांगते. दादांनी अजूनही तुमच्याविषयी वाकडा शब्द काढलेला नाही. तळावर कुणी विचारलं तर सांगतात, जावई पुण्याला मोठ्या कामावर हायेत, आमच्या घरी फवाऱ्याची न्हाणी हाय. ऐकणारे हसतात. पाचटाच्या कोपीत राहणारा म्हातारा फवाऱ्याच्या गोष्टी सांगतो. मी ऐकते आणि भाकरी थापते. त्यांना खरं सांगून टाकावं असं शंभरदा मनात येतं, पण त्यांच्याकडे आता अभिमानानं सांगण्यासारखं तेवढंच उरलं आहे, ते मी काढून घ्यायचं कसं?

काकांची गाडी लांबून दिसते आहे, म्हणून संपवते. मी संक्रांतीला येणार नाही. हंगाम उठेपर्यंत दादांच्या कोयत्याचं अर्धं माणूस मी आहे. हंगामानंतरही मी आपणहून येणार नाही आणि दादांना तुम्हाला बोलवू देणार नाही. हे तुमच्या धमकीला दिलेलं उत्तर नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की यात आईच्या पायाची एका ओळीनं जरी चौकशी असली तर सगळं गिळून टाकायचं आणि पुण्याची एसटी धरायची. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, मागची बाजूसुद्धा पाहिली. पाय नव्हता. शेवटी ताजा कलम होता, त्यातला प्रश्नही मी दादांना सांगितला नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले, कारण विचारलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं, असं मला आईनं शिकवलं आहे. तर ऐका. चौथरा हललेला नाही. ट्रेला तडा गेलेला नाही.

तुमचीच, अजून तरी,
मनकर्णा