कोरली, मी आणि पंधरा फुटांची ती

दक्षिण फ्लोरिडा,
एकवीस जानेवारी

ती. आर्डिथताईला धाकट्या पर्विसचा नमस्कार.

ताई, तुझा पीचचा मुरंबा पोचला. एक बाटली फुटली होती, पण काचा वेचून संपवला. तुझा खोकला कसा आहे? जॉर्जियात यंदा फार गारठा आहे म्हणे. छाती झाकून हिंडत जा. गारठा आमच्याकडेही पडला, आणि हे पत्र लिहायची वेळ त्यानेच आणली.

तुला ठाऊकच आहे, कोरलीने तीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर बायका स्वेटर विणतात, चर्चसाठी केक भाजतात. आमच्या हिने अजगर पकडायचा सरकारी परवाना काढला. (साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. मला वाटलं, मासेमारीचा कागद असेल.) हे अजगर आपल्याकडचे नव्हेत, ब्रह्मदेशातले. लोकांनी हौसेने पाळले, न्हाणीत मावेनात तेव्हा दलदलीत सोडून दिले, आणि त्यांनी इथे जो संसार थाटला तो विचारू नकोस. आपण लहान असताना बांधावरून जाताना पावलागणिक ससा उडायचा, आठवतं? आता मैलभर चाललं तरी गवत हलत नाही. आणि हललं, तर तो ससा नसतो.

थंडी पडली की हे धूड उन्हाला बांधावर येऊन पसरतं. म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता आम्ही कालव्याच्या बांधावर पिकअप उभी केली. कोरली पुढे चालत होती, मी गाडीच्या टपावर होतो. (का, ते विचारू नकोस.) "पर्विस, टायरचा तुकडा पडलाय बघ," असं म्हणून ती वाकली आणि त्या तुकड्याची मान तिने दोन्ही हातांनी पकडली. "अगं बाई, केवढी गं तू!" हे ती मला नव्हे, अजगराला म्हणाली. मादी होती. बांधावर दिसत होती तेवढीच आणखी गवतात होती, आणि ती उरलेली मादी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, बाहेर येऊन कोरलीच्या कमरेभोवती फिरली. मग छातीभोवती.

"शेपटी धर! डोकं माझ्याकडे आहे, तू शेपटी..." एवढं बोलून कोरली गप्प झाली.

ताई, चाळीस पोरांवर रोज ओरडणारी ही बाई. जेवतानाही गप्प नसते. तिचा आवाज बंद झाला आणि तोंड जांभळं पडलं. त्यात वरून मला दिसलं की गवत आणखी दोन ठिकाणी हलतंय. सध्या यांचा माजाचा हंगाम. एका मादीमागे चार-चार नर असतात. मग मी खाली होतो. मधलं काही आठवत नाही.

शेपटी धरली आणि कोरलीभोवती फिरायला लागलो, पीळ सोडवावा तसा. अजगराने माझ्या अंगावर जी काही घाण सोडली तिचा वास अजून साबणानेही गेलेला नाही. तिसऱ्या फेरीला माझ्या बुटावरून काहीतरी जड, गार सरकत गेलं. मी खाली पाहिलं नाही. ते संपेचना, ताई. संपेचना! शेवटी कालव्यात पाणी वाजलं, आणि त्याच वेळी कोरलीच्या घशातून कसाबसा शब्द फुटला, "उलटा... फिरतोयस... बावळटा!"

म्हणजे मी तिला बांधत होतो. चौतीस वर्षं जिच्याशी संसार केला ती बायको मी माझ्या हाताने आवळत होतो. मग सुलटा फिरलो, रडत फिरलो. एकेक वेटोळं सुटलं. कोरली गुडघ्यांवर बसली, पण मान सोडली नाही. मादी पोत्यात भरली तेव्हा कोरली हसत होती आणि मी चाकाला टेकून ओकत होतो. मोजली: पंधरा फूट सात इंच.

तेव्हापासून मी कमरेला पट्टा बांधत नाही. बागेतली पाण्याची नळी शेजाऱ्याला देऊन टाकली.

तुझा,
पर्विस

ता. क. – तुझा पाय मोडलाय आणि सोबत हवी आहे असं कोरलीला खोटंच कळवशील का? दोन महिने तिला तिकडे ठेवून घे, हंगाम संपेपर्यंत. तिच्या बरगड्यांवर निळे पट्टे उठलेत. ती म्हणते, काही नाही. मला ते बघवत नाहीत.

ता. क. २ – हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. ३ – आर्डिथताई, मी कोरली. पाकिटावर तिकीट लावायला यानेच माझ्याकडे दिलं. पाय मोडलाय तो याचा. टपावर त्याला मीच बसवलं होतं, लक्ष ठेवायला. माझा आवाज बंद झाला तसा हा तिथून सरळ दगडांवर उडी मारून आला, आणि मोडक्या घोट्याने माझ्याभोवती नऊ फेऱ्या फिरला. डॉक्टरने सांगेपर्यंत याला कळलंही नव्हतं. आता पलंगावर आहे. मी गुरुवारी परत बांधावर जाणार. ते दोन नर अजून तिथेच आहेत. तेव्हा तूच ये, ताई. एकटा असला की दर पाच मिनिटांनी पलंगाखाली वाकून बघतो, आणि डॉक्टरने वाकायला मनाई केली आहे.