आतल्या खोलीतली हाक

कुंभारी, सोलापूर
२२ जून २०२५, रविवार

प्रिय अंकिता,

पत्र बघून दचकली असशील. पण तुझा नंबर मी ब्लॉक करून ठेवलाय, आणि फोनवर बोलायला गेले तर नको ते तोंडातून जाईल. लिहिताना निदान थांबता येतं.

आम्ही बऱ्या आहोत. पाणी पाचव्या दिवशी येतंय. आईचा गुडघा पुन्हा दुखतोय. मला टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम मिळालंय. सोनाली, माझ्या मामाची मुलगी, यंदा बारावी झाली. तुझी आठवण काढते. काढत होती.

गेम आला तुझा. अभिनंदन. शेवटच्या नावांत ‘आवाज – सुकन्या’ असं लिहिलंयस, तेही वाचलं.

आठवतं का गं, आमच्या गच्चीवर आपण या गेमसाठी ड्रॉइंगचे मोठे कागद पसरायचो आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर चपला ठेवायचो? तू एक-एक फाटा काढायचीस. दार उघडलं तर इकडं, नाही उघडलं तर तिकडं. चित्र एकही नको, काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि कानात आवाज, एवढ्यावर माणूस घाबरला पाहिजे, असं तू म्हणायचीस. शब्द तुझे, आवाज माझे. ओला टॉवेल फरशीवर आपटून मी पावलं केली. कडबा मोडून हाडं केली. मावशीच्या गल्लीतला यंत्रमाग निम्म्या वेगानं वाजवला तर छाती धडधडल्यासारखी वाटते, हे सापडलं त्या दिवशी आपण दोघी नाचलो होतो.

ते दिवस चांगले होते, हे मी खोडणार नाही.

आता माझ्या वडिलांचं, नानांचं. तुला माहीत आहेच, पण मला एकदा सगळं सलग लिहायचंय.

नाना मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि दीड वर्ष आतल्या खोलीत पडून होते. गेल्या वर्षी एप्रिलमधल्या त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत, दारापुढच्या पत्र्याचा आवाज घेत होते. ऊन वाढलं की पत्रा टिकटिक करतो, तो मला हवा होता. फोन खिडकीत, कानात इअरफोन. नानांनी हाक मारली, “सुके.” मी ऐकली. मला वाटलं, पाणी मागत असतील, दोन मिनिटं थांबतील, उठले तर रेकॉर्डिंग बिघडेल. मग “सुके गं.” मग तिसऱ्यांदा, बारीक आवाजात. मी बटण बंद करून आत गेले तेव्हा त्यांची मान कलली होती. “तू लगेच आत गेली असतीस तरी फरक पडला नसता,” असं डॉक्टर मला म्हणाले. त्यांनी ती हाक ऐकली नव्हती.

तेराव्यानंतर कॉलेजमागच्या कट्ट्यावर बसून हे मी फक्त तुला सांगितलं. त्या हाका टिपलेली फाइल मला पुसवत नव्हती आणि ऐकवतही नव्हती. पेनड्राइव्हवर घालून तुझ्या हातात दिली, माझ्या फोनमधून काढून टाकली. “कुणाला ऐकवू नकोस,” म्हणाले. तू माझा हात धरून म्हणालीस, “वेडी आहेस का?”

एक जूनला सोनाली आली आणि मोठ्या कौतुकानं गेम लावला, आवाज पूर्ण वाढवून. मी कपडे वाळत घालत होते. आई आत शेंगदाणे निवडत होती. आणि नानांचा आवाज आला. “सुके.”

मी आत धावले तोवर आई ताट सोडून उभी राहिली होती. “तुजे नाना हाक मारायलेत,” ती म्हणाली. इतकं सहज म्हणाली, की मीही आतल्या खोलीकडं बघितलं.

सोनाली हसली. “आत्या, गेम हाय तो. बग, दोन पर्याय दिलेत. उठायचं, का ऐकलंच न्हाई असं दाखवायचं.”

“ऊठ म्हन की! इचारतीस काय?”

सोनालीनं दाबलं. माझी पावलं वाजली, ओल्या टॉवेलची. दार काही उघडलं नाही. हाक चालूच.

“दार का उगडंना? परत दाब.”

तीनदा दाबायला लावलं आईनं. तू ते दार उघडतच नाहीस ना, अंकिता? उठलं काय, नाही उठलं काय, गोष्ट तिथंच जाते. कागदावर हा फाटा नव्हता. तो तू नंतर काढलास, माझ्याशिवाय.

मी फोन हिसकावून घेतला, सोनालीला घरी पाठवलं आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. तिनं एवढंच विचारलं, “तेच्यात मागं भांड्याचा आवाज हाय न्हवं?”

आहे.

“मी मोरीत हुते. हाक आली तसा हात थांबला माजा. म्हनलं, सुकी हाय की आत. जाईल की ती.” सांडलेले शेंगदाणे ताटात गोळा केले. मग म्हणाली, “परत घासाया लागले मी.”

हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. फाइल एकदाच ऐकली, पण माझे कान तसलेच आहेत. पहिल्या हाकेला भांडी थांबतात. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग पुन्हा घासणं सुरू. फाइल तुझ्याकडं दिली ती मला सोसत नव्हती म्हणून, असं मी तुला सांगितलं होतं. खरं कारण हे होतं. आईच्या कानावर ती कधीच पडू नये म्हणून मी ती घराबाहेर काढली. दीड वर्ष त्या बाईनं नानांचं हगणं-मुतणं काढलं, कुशी बदलल्या, एक दिवस चुकवला नाही. पाच सेकंद तिचा हात थांबला. ते मी कुणालाही सांगितलं नसतं. तुलाही सांगितलं नव्हतं. ते तू गावभर वाजवलंस.

त्या रात्री तुला फोन करून मी रडत होते तेव्हा तू काय म्हणालीस? “अगं, लोक सगळ्यात जास्त तिथंच घाबरतात. आणि कुणाला कळतंय ते कोण आहेत?”

आईला कळलं.

अजून एक गोष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. नानांची हाक गेममध्ये ऐकली तेव्हा क्षणभर माझ्या मनात आलं, जागा बरोबर निवडलीय हिनं. आई समोर उभी असताना हे मनात आलं माझ्या. त्याची शरम मला तुझ्या वागण्यापेक्षा जास्त वाटते. म्हणूनच नंतर मी मायक्रोफोनला हात लावलेला नाही.

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे आई कामापुरतंच बोलली. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, “ती हाक माज्याकडं असू दे. तेंचा तेवडाच आवाज ऱ्हायलाय. लोकास्नी कशाला?”

तेव्हा गेममधून ती हाक काढ. त्या जागी दुसरं काहीही घाल, माझे बाकीचे सगळे आवाज तुला राहू देत. आणि पेनड्राइव्ह पाठव. माझ्या नावानं नको, फुलाबाई जोतीराम वाघमोडे या नावानं पाठव. सोबत चिठ्ठी घालू नकोस. आईला वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही.

काकूंना नमस्कार सांग. त्यांचा यात काही दोष नाही.

तुझ्यावर जिचा विश्वास होता ती,
सुकन्या