भरवशाचं ट्यूनिंग

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून नोकरी शोधणं बंद. लेऑफ झालेल्या माणसाने स्वतःचं काहीतरी उभं करावं. मॉडिफाइड गाडीसाठी इंजिन ट्यूनिंगचं कोणतं सॉफ्टवेअर जास्त भरवशाचं, याची निष्पक्ष तुलना करणार. भारतात हे कोणी नीट तपासलेलंच नाही. पाच मिनिटं नेटवर शोधलं.
गाडी बाबांची जुनी डिझेल. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो मोठा बसवलाय. दर सोमवारी-गुरुवारी बाबांना डायलिसिसला न्यायचंच असतं, त्यात टेस्टिंगही होईल. भाग्यश्रीला सांगितलं. बायकोने निदान चांगलं म्हणावं. म्हणाली, टेस्टिंग गाडीचं की बाबांचं?

७ ऑगस्ट, गुरुवार
सॉफ्टवेअर 'अ'. विकतचं. गाडीला लॅपटॉप जोडून नवं सेटिंग भरलं. हडपसर ते सदाशिव पेठेतलं हॉस्पिटल, तेवढ्यात तीनदा वॉर्निंग: टर्बोचं प्रेशर जास्त. तीनदा पॉवर आपोआप कमी. घाबरट सॉफ्टवेअर. दहापैकी चार.
बाबा मागून म्हणाले, पूर्वी गाडी नुसती चालायची.

९ ऑगस्ट, शनिवार
सॉफ्टवेअर 'ब'. एका ग्रुपवर फुकट मिळालं. शहेजादच्या गॅरेजमध्ये बसून टाकलं. शहेजाद शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, रणजित, मी हे गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकणार नाही. माझ्यावर जळतो.
गाडी कात्रज घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली. एकही वॉर्निंग नाही. दहापैकी नऊ.

११ ऑगस्ट, सोमवार
'ब' उत्तम. इंजिनातून बारीक शिट्टी येते, ती पॉवरची. भाग्यश्री म्हणते, गुरुवारी रिक्षा करू. म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर डेटावर ठेव.

१४ ऑगस्ट, गुरुवार
मगरपट्ट्याच्या पुलावर गाडी बंद. टर्बो फुटला, मागे धूरच धूर. असा डेटा पुन्हा मिळत नाही, म्हणून आधी लॅपटॉप जोडला. 'ब' म्हणालं, सर्व ठीक. पुन्हा जोडला. सर्व ठीक.
बाबा मागच्या सीटवर घामाघूम. म्हणाले, होऊ दे तुझं.
रिक्षाने पोचेपर्यंत त्यांचा नंबर गेला होता. उद्या सुट्टी, म्हणून शनिवारी बोलावलंय. सिस्टर म्हणाल्या, धाप लागली तर शनिवारपर्यंत थांबू नका. बाबांना तसं काही वाटत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
दिवसभर गॅरेजमध्ये. शहेजाद म्हणतो, तुटलेल्या टर्बोचे तुकडे आत गेलेत, इंजिन संपलं. मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा दोष अजून सिद्ध झालेला नाही.
भाग्यश्रीच्या नंबरवरून सारखे कॉल. तपासणी चालू असताना फोन घ्यायचा नाही, असा नियम केलाय.

१६ ऑगस्ट, शनिवार
बाबा आयसीयूत. फुप्फुसांत पाणी झालंय. काल भाग्यश्रीने शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं.
डॉक्टरांनी विचारलं, धाप कधीपासून होती? मी म्हणालो, बाबा मला काही बोलले नाहीत. भाग्यश्री म्हणाली, काल माझ्या फोनवरून बाबाच तुला कॉल करत होते.

२४ ऑगस्ट, रविवार
बाबा घरी आले. फार वाळलेत. गाडी भंगारात दिली.
चहा घेऊन त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, उद्या मी नेतो, वेळेआधी निघू. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, नको, आपण कशाला त्रास घेता. भाग्यश्री येईल.
जन्मात बाबांनी मला 'आपण' म्हटलेलं नाही. चेष्टा असेल असं वाटून मी हसलो.
ते हसले नाहीत.